नेट बंद की पत्ते चुकलेले?

महोदय,

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचे ब्रॉडबँड अजूनही काही शाळांत, पतसंस्थांत, दवाखान्यांत चालू आहे. तिथे डीएसएलचा (तारेवरच्या या जोडणीचा) दिवा स्थिर असूनही नेट मिळत नसेल, तर लाइनला दोष देण्याआधी राउटरचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचे आकडे, तपासावेत.

लाइनकडच्या बाजूला, म्हणजे वॅनला, स्थिर (कायम तोच राहणारा) आयपी घेतला नसेल तर पत्ता हाताने भरायचाच नाही. बीएसएनएलच्या एडीएसएलवर (हा डीएसएलचाच प्रकार) व्हीपीआय 0, व्हीसीआय 35 हे लाइनवरचा मार्ग ठरवणारे दोन आकडे ठेवून पीपीपीओई ही लॉगिन करून जोडणी घेण्याची पद्धत निवडावी आणि युजरनेम-पासवर्ड द्यावा. पत्ता पलीकडून येतो. एमटीयू, म्हणजे एका वेळी पाठवायच्या माहितीच्या पाकिटाचा कमाल आकार, मात्र 1492 हवा, कारण 1500 बाइटांपैकी 8 पीपीपीओईलाच लागतात. तो चुकला की पिंग (जोडणी तपासण्याचा छोटा संदेश) व्यवस्थित जाते, पण काही साइट अर्ध्यावर अडकतात, आणि हा दोष लवकर सापडत नाही.

खरा घोळ आतल्या बाजूला, लॅनवर होतो. लाइन जोडलेल्या मोडेमचा (म्हणजे पहिल्या राउटरचा) पत्ता बहुधा 192.168.1.1, मास्क (नेटवर्क किती मोठे हे सांगणारा आकडा) 255.255.255.0. वायफायसाठी आणलेल्या दुसऱ्या राउटरचाही पुष्कळदा तोच असतो. मोडेमची केबल त्याच्या वॅन पोर्टात लावली की त्याच्या दोन्ही बाजूंना एकच नेटवर्क येते आणि माहिती कुठे पाठवायची हे त्याला कळत नाही. नुसते वायफाय वाढवायचे असेल तर केबल जोडण्याआधी त्याचा लॅन पत्ता 192.168.1.2 करावा, त्यातले डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करावे, मग केबल लॅन पोर्टात लावावी. सेव्ह करताच राउटरच्या सेटिंगचे पान गोठल्यासारखे दिसते; राउटर बिघडलेला नसतो, पत्ता बदललेला असतो. वेगळे नेटवर्कच हवे असेल तर लॅन 192.168.2.1 करून वॅन पोर्ट वापरावा.

डीएचसीपीची मर्यादा 192.168.1.100 ते 199 ठेवून प्रिंटरला 192.168.1.10 द्यावा. प्रिंटरचा पत्ता या मर्यादेत असला तर तोच एखाद्या दिवशी कुणाच्या तरी मोबाइलला मिळतो आणि छपाई थांबते. संगणकावर 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर डीएचसीपीचे उत्तरच आलेले नाही असे समजावे.

जोडणी देणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या तंत्रज्ञाने व्हीपीआय-व्हीसीआय, एमटीयू, लॅन पत्ता आणि डीएचसीपीची मर्यादा कागदावर लिहून राउटरशेजारी चिकटवणे सक्तीचे करावे. आज रीसेटचे बटण चुकून दाबले जाऊन या सेटिंग पुसल्या गेल्या तरी शाळेला तंत्रज्ञाची वाट पाहत बसावे लागते.

आपला,
एक नेटवर्क तंत्रज्ञ, सातारा