लुगडी संपत आली, शैले

मिरज, फाल्गुन

प्रिय शैला,

रागावली असशील. संक्रांतीला तू तिळगूळ पाठवलास, त्याची पोचसुद्धा दिली नाही. आम्ही सगळे बरे. गुडघे होते तसेच आहेत, ह्यांची शुगर आटोक्यात आहे. झालं तब्येतीचं. आता जे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, ते सांगते.

चैत्रात वाकळी, गोधड्या शिवायला बसायचं म्हणून अक्कांनी दरवर्षीसारखी गल्लीतली जुनी कापडं गोळा करून सोप्यावर ओतली. ढीग कमरेएवढा. आणि त्यात सुती लुगडी निघाली तीन! तीनच, शैले. बाकी सगळं सिंथेटिक. फुलाफुलांचं, चकचकीत, हातातून पाण्यासारखं निसटणारं. अक्का काही बोलल्या नाहीत, नुसती तपकीर ओढली. अक्का गप्प बसतात म्हणजे काय, हे तुला ठाऊक आहे.

त्यात पुण्याच्या एका दुकानाने बाळाच्या चाळीस दुपट्यांची ऑर्डर दिलीय. हिशेब तुला तोंडपाठ आहे, तरी मांडते. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. मीटर-मीटरचे आठ चौकोन पडतात. चार थरांचं दुपटं धरलं तर एका लुगड्यात दोन. चाळिसांना वीस लुगडी, आणि बसायच्या जागी कापड विरलेलं असतं म्हणून वर दोन-तीन जास्तीची धर. हातात तीन! मोठ्या वाकळीचं तर नावच काढू नकोस. एक पन्हा रुंद आणि दोन मीटर लांब अशी एकट्याची वाकळ म्हटली तरी एका लुगड्याचे चारच थर होतात. आत सहा आणि वर-खाली एकेक म्हणजे दोन लुगडी गेली. दोन पन्हे दंड घालून जोडले, दोघांची केली, की चार.

कमल म्हणते, "मग काय बिघडलं? सिंथेटिक घाला की. टिकतं, रंग जात नाही." अर्धं खरं आहे तिचं. वरच्या अंगाला एखादं सिंथेटिक पातळ घातलं तर वाकळ वर्षानुवर्षं झळझळीत राहते. घटस्थापनेआधी अंथरूण-पांघरूण नदीवर नेतो तेव्हा सुती वाकळ भिजली की दोघींनी उचलावी लागते, पिळायची तर सोयच नाही, टाके तुटतात. पाणी निथळेस्तोवर दगडावर टाकून बसायचं. भाद्रपदाच्या उन्हातही तिला पुरता दिवस लागतो. सिंथेटिक तासाभरात वाळतं. कमरा मोडलेल्या बायकांना ते आवडलं तर त्यांचं काय चुकलं?

पण आतल्या थरात ते घातलं की घोटाळा. थर एकमेकांवर बसतच नाहीत, घसरतात. कच्चा टाका घालून झाला, हात फिरवून सारखं केलं, तरी सकाळी बघावं तर खालचा थर बोटभर सरकलेला. सुईला कापड दाद देत नाही, बोटाला घट्टे पडतात. सगळ्यात वाईट म्हणजे एक थर सुती आणि एक सिंथेटिक असा मेळ. पहिल्या धुण्यात सुती आटतं, दुसरं तसूभर आटत नाही, आणि सगळ्या वाकळीला सुरकुत्या पडतात. ती वाकळ मग काही केल्या सपाट होत नाही. वैशाखात अंगाखाली घामाचं पाणी. पौषात अंगावर घ्यावी तर आधी गार लागते, मग गादीवरून सरकून खाली पडते. आणि दुपट्याला तर नकोच नको. बाळाचं ओलं जिरायला पाहिजे ना?

ओळखायचं कसं, हेही आता नव्या पोरींना शिकवावं लागतं. आपल्याला चिमटीत धरलं की कळायचं. हल्ली विकणारे सगळ्यालाच 'कॉटन' म्हणतात. मी सरळ कडेचा एक धागा ओढते आणि काडी लावते. सुती असेल तर कागदासारखा वास येतो आणि राख बोटाने पुसून जाते. पॉलिस्टर आक्रसतं आणि काळी टणक गोळी होते. राखेत बारीक खडे लागले तर टेरिकॉट, म्हणजे सूत-पॉलिस्टरची मिसळ. शाळेचे युनिफॉर्म बहुतेक त्यातलेच, म्हणून ते मी बाजूला काढले.

नवं कापड घ्या, असं सगळ्याच सुचवतात. इचलकरंजी आहे हाकेच्या अंतरावर, कोरं सुती कापड मिळतं. चौकशी केली, थोडं आणलंही. पण कोऱ्या कापडाला खळ असते. रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालायचं, सकाळी धुण्याचा सोडा टाकून उकळायचं, दोनदा खळबळायचं. आटतं ते वेगळंच, म्हणून कापायच्या आधी धुवायचं. धुवायच्या आधी मापं घेतलीस की बसलीस रडत. एवढं करूनही ते अंगाला लागतं ते लागतंच. लुगडं दहा-वीस वर्षं नेसलेलं, धोपटलेलं, वाळवलेलं. जेवढं आटायचं तेवढं आटून झालेलं, रंग सुटायचा तेवढा सुटलेला. ती मऊपणाची मजुरी आपल्या आज्यांनी आधीच फुकटात करून ठेवलेली असायची. ती आता कुणाकडून करून घ्यायची? मी पाचवारीसुद्धा सणालाच नेसते, तू तर पंजाबी ड्रेसवर गेलीस. धोतरं नेसणारे म्हातारेही उरले नाहीत. धोतराचा आतला थर आठवतो ना तुला? सायीसारखा.

हो, आणि दुकानवाल्यांना टाके 'एकसारखे' हवेत. चार बायका चार कोपऱ्यांना बसल्यावर एकसारखे कसे येतील? शांताचा टाका बारीक, माझा मध्यम, कमलचा तर कोसावर एक. मशीनवर मारा म्हणाले. मशीनवर इतके थर सुईखाली ओढताना ते एकमेकांवरून सरकतात. हाताचा धावदोरा एका जागी तुटला तरी शेजारची ओळ तग धरते. पण ओळी बोटभर अंतरावर हव्यात. (इथे तू वाद घालणार. दोन बोटं चालतात, हे तुझं जुनं तुणतुणं. तुझ्या त्या दोन बोटांच्या वाकळीचं तिसऱ्या नवरात्रात काय झालं? आतले विरलेले थर गोळा होऊन कोपऱ्यात बसले होते. मी तेव्हा काही बोलले नव्हते, आता बोलते.)

दुसरं भांडण तू कर्नाटकातल्या हल्याळहून घेऊन आलीस. आफ्रिकेतून गोव्यामार्गे त्या रानात आलेल्या सिद्द्यांच्या लेकी-सुना कवंद, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात ते कडेपासून, आत आत येत, ठिगळं लावत लावतच. चारी कोपऱ्यांत घडी घातलेलं तिकोनी 'फूल' नसेल तर ते कवंद त्यांना उघडंबोडकं वाटतं. तू ते बघून आलीस आणि आमच्यावर हुकूम सोडलास, कच्चा टाका नको, थेट कडेपासून सुरू करा. केलं. मधोमध हे एवढं पोट आलं. कडेपासून आत शिवताना प्रत्येक फेरीत कापड थोडं थोडं पुढे ढकललं जातं. त्या बायकांच्या हाताला त्याचा अंदाज आहे, आपल्या नाही. म्हणून आपलं बरं. जमीन झाडून थर अंथरायचे, कोपऱ्यांवर पाटा-वरवंटा ठेवायचा, मधून बाहेर असा उभा-आडवा कच्चा टाका, आणि मगच कडेपासून आत. पोट यायला लागलंय असं दिसलं की तिथेच थांबून शेवटच्या दोन फेऱ्या उसवायच्या. पुढे बघू म्हटलं की मेलं. दोरा हात-दीड हातच ओवायचा, लांब घेतला की गुंता. तुझी फुलं मात्र मी ठेवलीत हो. कोपरा आधी झिजतो, तिथे जादा कापड असलेलं चांगलंच.

तर अक्कांचं म्हणणं, ऑर्डर परत करा. कमल म्हणते, दुकानदाराला काय कळतंय, सिंथेटिक आत घालून मोकळ्या व्हा. मला दोन्ही पटत नाही. माझा विचार असा आहे. दोन लुगडी (तिसरं कशाला, ते पुढे सांगते) आणि जे काही पंचे, सुती चादरी मिळतील त्यांची आठ-दहा दुपटी करायची, तेवढीच द्यायची, आणि बाकीच्या दुपट्यांना नाही म्हणायचं. मोठ्या वाकळीत आत इचलकरंजीचं उकळलेलं कापड, अंगाला लागणाऱ्या बाजूला जुनं सुती, वर हवं तर कमलचं फुलाफुलांचं. पण हे सगळं मृगाच्या आत उरकायला हवं. एकदा हवा दमट झाली की थरांत ओल राहते आणि श्रावणात आतून काळे ठिपके उमटतात. मग कितीही ऊन दाखव, वास जात नाही. आणि नाही म्हटलं तर पैसे? शांताच्या मुलीची फी त्यातूनच जाते. रात्री ह्यावरच झोप उडते बघ. तुला काय वाटतं? दोन बोटांचं सोडून दुसरं काही सांग.

तुझं कसं चाललंय? नागपूरचं ऊन सुरू झालं असेल. भावजींचा हात प्लॅस्टरमधून निघाला का? सूनबाईंना ज्येष्ठाची तारीख दिलीय असं मंदाकडून कळलं. तू स्वतः कळवलं नाहीस, ते मी लक्षात ठेवलंय. तिच्यासाठी दोन दुपटी त्या तीन लुगड्यांतल्या एकाची करतेय. जांभळं इरकल आहे. पदराचा लाल सुटतो, म्हणून पदर आणि काठ काढून ठेवलेत, अंगाला लागेल ते नुसतं आतलं सूत. तुझ्या सासूबाईंची ट्रंक अजून माळ्यावर असेल तर उघड आणि जरीचं वगळून जे सुती निघेल ते धुऊन पार्सल कर. फाटकं म्हणून टाकू नकोस, फाटकं आत चालतं.

दोरा पिवळा घेऊ का लाल, तेवढं लगेच कळव. हिरवा म्हणालीस तर मी उत्तर देणार नाही.

तुझी,
मंगल