सीमेच्या अलीकडे

कोथरूड, पुणे
गुरुवार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र हातानेच लिहिते आहे, दादा फोटो काढून पाठवेल. फोनवर लिहायला घेतलं की म्हणायचं ते राहून जातं आणि नको ते जातं.

आद्रेला पोचल्याचा तुझा मेसेज बाबांनी तीनदा वाचला. मग नकाशा काढून बसले. चाडच्या पार टोकाला ते गाव. सुदानची सीमा इतकी खेटून की बाबांनी बोट ठेवलं तर दोन्ही देश त्याखाली. पलीकडे जिनैना, तीसेक किलोमीटरवर; इथून खेड शिवापूरला गेल्यासारखं. २०२३ च्या जूनमध्ये तिकडूनच तीन दिवसांत युद्धातले आठशेवर जखमी आद्रेच्या दवाखान्यात आले होते, हे तूच सांगितलं होतंस, जेवताना, आमटी वाढून घेत. तू अलीकडेच राहणार आहेस ना? एकदाच विचारते.

निघायच्या आदल्या रात्री मी जे बोलले ते बोलायला नको होतं. 'इथे काय आजारी पोरं कमी आहेत?' त्यावर तू म्हणालीस, 'वीटभट्टीवरच्या त्या पोराचं तू काय केलंस?' मला वाटत होतं, तू ते विसरलीस.

तुझी बारावीची परीक्षा झाली होती, घरी आजीशी रोज वाजायचं म्हणून मी तुला जीपमध्ये घालून मुळशीत नेलं. बाळ तुझ्याच मांडीवर होतं. मी दंडाला मापाची पट्टी लावली, ११.२ सेंटिमीटर आलं. साडेअकराच्या खाली म्हणजे लाल, सॅम, अतितीव्र कुपोषण. मी वहीत लिहून मोकळी झाले. तू मात्र त्याच्या दंडाची कातडी चिमटीत धरून बसली होतीस. सोडली तरी ती तशीच उभी राहत होती. बाप म्हणाला, भट्टीवाल्याकडून उचल घेतलीय, दवाखान्यात कोण बसणार. सोमवारी मी गाडी घेऊन गेले तेव्हा खोपटं रिकामं होतं, चुलीत राखसुद्धा गार. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. पुढे मी दोन तालुक्यांतल्या बायांना विचारत राहिले, हे तुला कधी सांगितलं नाही. सापडलं असतं तर सांगितलं असतं.

आता तू रोज तीच पट्टी लावणार. सॅम पोराला एकदम भरपेट पाजायचं नाही. आधी एफ-७५, ते उपचाराचं हलकं दूध, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्री नर्सला डुलकी लागली तरी. निपचित पडलेल्याचे हातपाय गार लागले तर आधी साखर बघ. शेंगदाण्याची पेस्ट त्यानंतर, भूक परतल्यावर. आईला तिथेच बसवून घे, तिच्या हातूनच भरव, पुढे तिलाच निभवायचंय... बघ, सुरू झाले. तू बालरोगात एमडी आणि मी निवृत्त मुख्यसेविका, कोण कोणाला शिकवतंय! राहू दे. पण मच्छरदाणी खोच नीट. पाऊस लागला की तिकडे मलेरिया किती वाढतो हे मी तुला सांगायला नको, तरी सांगते.

वरच्या मजल्यावरचे अण्णा पेढे घेऊन आले होते. म्हणाले, 'आमच्या बिल्डिंगमधली कोटणीस!' मी हसले, पेढा घेतला. ते गेल्यावर तो तसाच वाटीत राहिला. सोलापूरचा तो पोरगा १९३८ ला चीनला गेला, १९४२ ला तिथेच संपला. पाच डॉक्टर गेले होते, चार परत आले. बत्तीस वर्षांचा होता. येत्या श्रावणात तुला बत्तिसावं लागेल. अण्णांना हे कुठे ठाऊक, त्यांनी कौतुकच केलं. आणि खरं सांगू, मंडईत ओळखीच्या बाईने विचारलं तेव्हा मीही 'एमएसएफमध्ये, म्हणजे सीमा न मानणाऱ्या डॉक्टरांच्या संस्थेत आहे, चाडला' असं जरा मोठ्यानेच सांगितलं. भाजीवाल्यालाही ऐकू जाईल असं.

बातम्या बघायच्या नाहीत असं ठरवलं होतं. तरी कुंदुझचं वाचलं. ३ ऑक्टोबर २०१५, तुमच्याच लोकांचं हॉस्पिटल, अमेरिकेच्या विमानाचा हल्ला, ४२ माणसं गेली. हॉस्पिटल नेमकं कुठे आहे ते आधी कळवून ठेवलेलं होतं म्हणे. मग छतावरच्या खुणेचा काय उपयोग, तू सांग. तू म्हणशील, आई, ते अफगाणिस्तान, हे चाड. मान्य. म्हणून तर विचारते, अलीकडेच ना? तुमच्या साहेबांनी जिनैनाला कोण जाईल असं विचारलं तर पहिला हात तुझा नको. शाळेत फळा पुसायलाही तुझाच हात आधी वर जायचा.

नाही, हे खोडत नाही. पण जायचं ठरलंच तर मला न सांगता जाऊ नकोस. बाबांना नाही सांगितलंस तरी चालेल, त्यांच्या गोळ्या परवाच बदलल्यात. मला सांग. मी रडणार नाही असं म्हणत नाही, पण रागावणार नाही.

मेतकुटाचा डबा वरच्या कप्प्यात आहे, मऊ भातावर घे. बॅगेच्या बाहेरच्या खिशात माझी जुनी पट्टी सापडेल. तुमच्याकडे ढिगाने असतील, लाल रंगही उडालाय तिचा. तरी ठेवली.

फोन लागला की आधी कुठे आहेस ते सांग. जेवलीस का ते मी नंतर विचारीन.

तुझी,
आई