विषय : प्लेट २२५ म्हणजे बशी नव्हे

प्रति,
व्यवस्थापक,
टपाल तिकिटे व संग्राह्य वस्तू विभाग

महोदय,

पत्राच्या सुरुवातीला स.न.वि.वि. लिहायची माझी सवय आहे. पण तुमच्या ग्राहक सेवेशी अर्ध्या तासापूर्वी जे बोलणं झालं, त्यानंतर 'सप्रेम' काही हातून उतरत नाही, आणि 'नमस्कार' फोन ठेवताना करून झालाय. तेव्हा थेट मुद्द्यावर येते.

मी तुमच्या संकेतस्थळावरून एक पेनी रेड, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं एका पेनीचं लाल तिकीट, मागवलं. प्लेट २२५, म्हणजे छपाईच्या २२५ क्रमांकाच्या प्लेटवरून छापलेलं. आलं ते प्लेट २०५. तुम्ही स्वतःला व्हिक्टोरियाकालीन तिकिटांचे तज्ज्ञ म्हणवता, तसं पहिल्याच पानावर फिरत्या अक्षरांत लिहिलंय, म्हणून या दोन आकड्यांत काय फरक आहे ते तुम्हाला समजावत बसत नाही. (तुमच्या माणसांना समजावून पाहिलं. ते पुढे येईलच.)

२०५ माझ्याकडे आहे. सगळ्याच आहेत. ७१ पासून २२५ पर्यंत मोजा, तिकिटं छापायला कधी घेतल्याच नाहीत त्या ७५, १२६ आणि १२८ वगळा, ७७ इतकी दुर्मिळ आणि महाग, की तिचा नाद माझ्यासारखीने करू नये, म्हणून तीही वगळा. उरल्या १५१. त्यांतल्या १५० माझ्या अल्बममध्ये लागलेल्या आहेत. शेवटच्या पानावरचा शेवटचा चौकोन रिकामा आहे, आणि तो किती वर्षं रिकामा आहे ते सांगून तुमची सहानुभूती मला नको. तिकीट हवंय.

हे तिकीट तुमच्या साइटवर शोधायला मला दोन संध्याकाळी लागल्या. आता साइट तुमचीच, तेव्हा ती कशी चालते हे तुम्हाला ठाऊक असणारच, पण एकदा ग्राहक होऊन चालवून बघा. शोधपेटीत '२२५' टाकलं की साठा-क्रमांकात कुठेही २२५ असलेली प्रत्येक वस्तू समोर येते : नाणी, काडेपेट्यांवरची लेबलं, एक गंजका बिल्ला. 'पेनी रेड' टाकलं तर दोन तिकिटं दिसतात, 'पेनी रेड्स' टाकलं तर वेगळीच सत्तर. देशानुसार शोधावं म्हटलं तर 'ब्रिटन', 'ग्रेट ब्रिटन', 'इंग्लंड' आणि 'युनायटेड किंगडम' असे चार कप्पे, आणि चारही कप्प्यांत पेनी रेड, प्रत्येकात निराळी. त्या तिकिटांवर देशाचं नाव नसतं, राणीचं डोकं पुरे मानलं जातं, हे मान्य. म्हणून विक्रेत्यानेही देश कोणता ते ठरवायचं नाही की काय?

कॅटलॉग क्रमांक म्हणून तुम्ही नुसतं 'क्र. ३३' लिहिता. कोणाचा ३३? स्कॉटच्या यादीत हे तिकीट ३३ आहे, स्टॅन्ली गिबन्सच्या यादीत तेच ४३ आणि ४४. कोणती यादी ते लिहायला दोन शब्द पुरतात. जागा नाही म्हणाल, तर 'फक्त आजच!' हे तीन ठिकाणी उड्या मारतंय, त्यातलं एक काढा. आणि ते रोजच 'फक्त आजच' असतं, मी पंधरा दिवस बघतेय.

पहिली चार पानं 'विकले गेले'ची. पाचव्या पानावर एखादं तिकीट उघडून पाहिलं आणि मागे आलं, की पुन्हा पहिल्या पानावर, लावलेले सगळे फिल्टर पुसून. ज्याच्यासाठी जीव अडकलाय नेमकं तिथे 'किंमत विचारा'. विचारली. उत्तर आलं, 'कृपया संकेतस्थळावरील किंमत पाहावी.'

पण हे सगळं मी सोसलं असतं. फोटोंचं मात्र सोसवत नाही. प्लेटचा आकडा तिकिटावर कुठे असतो? डाव्या-उजव्या उभ्या पट्टीत, नक्षीच्या जाळीत, बरोबर मध्यावर, इतका बारीक की भिंगाशिवाय लागत नाही. आणि तुमच्या कंपनीचं पांढरं नाव प्रत्येक फोटोवर कुठून जातं? बरोबर मध्यावरून, या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत. कोणी चोरू नये म्हणून. घरफोडी नको म्हणून दाराला आतून भिंत बांधून घेण्यातला हा प्रकार. फोटो मोठा करायचं बटण दाबलं की तोच फोटो, तेवढाच, काळ्या पार्श्वभूमीवर उघडतो. तिकिटाच्या पाठीचा फोटो तर नाहीच. मागे थिन (कागद पातळ झालेली जागा) आहे का, दुमड आहे का, जुनं हिंज (अल्बममध्ये लावायची गोंदाची चिठ्ठी) चिकटून राहिलंय का, हे सगळं 'स्थिती : उत्तम' या दोन शब्दांत गुंडाळलेलं. तुमच्याकडे उत्तम नाही असं काही आहे का हो? मागे एकदा तुमच्याकडून 'उत्तम' नाणं घेतलं होतं, ते कोणीतरी चिंचेने घासावं तसं चकचकीत घासून पाठवलं होतं. नाणं घासलं की त्याची किंमत उतरते, हे या छंदात पहिल्या आठवड्यात कळतं.

तरीही मी पडद्याला भिंग लावून बसले. हो, कॉम्प्युटरच्या पडद्याला. डावीकडचा आकडा तुमच्या नावाखाली गाडलेला, पण उजवीकडचा, पोस्टाच्या शिक्क्याला लागून, स्पष्ट २२५. खालच्या कोपऱ्यांत डावीकडे पी, उजवीकडे एच. मथळ्यातही २२५. मागवलं. शेवटच्या पायरीवर कळलं की पाठवण्याचा खर्च वेगळा, हाताळणी वेगळी आणि विमा वेगळा. तोही भरला.

आलेल्या तिकिटावर आकडा २०५ आणि कोपऱ्यांत डी आणि जे.

आता आजच्या फोनकडे येते. हा माझा पाचवा फोन. आधीच्या चारांत तक्रार नोंदवली गेली, नोंदवली गेली, सापडली नाही आणि नोंदवली गेली. आज बावीस मिनिटं सनई ऐकल्यावर तुमचे एक प्रतिनिधी आले.

'मॅडम, काय प्रॉब्लेम आहे?'

'प्लेट चुकीची आलीय. २२५ मागवली होती, २०५ आली.'

'फुटलेली आलीय का?'

मला वाटलं आवाज नीट पोचला नसेल. 'फुटलेली नाही, चुकीची. नंबर वेगळा आहे.'

'म्हणजे साइझ लहान आलीय?'

'साइझ नव्हे हो. तिकिटाच्या कडेला प्लेट नंबर असतो, तो.'

'अच्छा, स्टिकरवरचा. तो गोडाऊनचा नंबर असतो मॅडम, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. थांबा, प्लेट्सचं डिपार्टमेंट वेगळं आहे, तुम्हाला तिकडे जोडून देतो.'

पुन्हा सनई. मग एक बाई आल्या आणि त्यांनी अत्यंत मृदू आवाजात मला विचारलं, 'पोर्सलिनची आहे की बोन चायनाची?' तुम्ही शोभेच्या बश्याही विकता हे मला तोवर माहीत नव्हतं. त्यांना सगळं सांगितलं. त्या हसल्या, चक्क 'सॉरी' म्हणाल्या, आणि तुमच्या संपूर्ण कंपनीत माझं म्हणणं कळलेली ती एकमेव व्यक्ती असल्यामुळे त्यांनी मला ताबडतोब परत पहिल्याच माणसाकडे पाठवलं.

या वेळेपर्यंत त्यांनी मी पाठवलेले दोन्ही फोटो उघडले होते.

'मॅडम, मी पाहिले. दोन्ही लालच आहेत.'

मी गप्प.

'डिझाइन पण सेम आहे. मुलांच्या प्रोजेक्टसाठी हवंय का? मग हे चालून जाईल.'

मी चिडले नाही. याची नोंद घ्या, कारण तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात असं सुरुवातीलाच सांगतात. मी शांतपणे सांगितलं, की या तिकिटांचा एक ताव २४० चा, वीस ओळी, ओळीत बारा. पेनी एक, म्हणजे ओळीचा शिलिंग आणि तावाचा पौंड. खालचं डावं अक्षर ओळ सांगतं, उजवं अक्षर ओळीतली जागा. वरच्या कोपऱ्यांत तीच दोन अक्षरं उलटी. पी-एच म्हणजे सोळाव्या ओळीतलं आठवं तिकीट. डी-जे म्हणजे चौथ्या ओळीतलं दहावं. म्हणजे फोटोतलं तिकीट आणि माझ्या हातातलं तिकीट एक नाही, असूच शकत नाही, हे तिकीट स्वतःच्या तोंडाने सांगतंय.

'फोटो हा प्रातिनिधिक असतो मॅडम. खाली लिहिलेलं आहे.'

'एकच तिकीट विकायला आहे. साठा एक असं तुम्हीच लिहिलंय. एकाचा प्रतिनिधी कोण होणार?'

इथे त्यांनी जरा विचार केला. खरंच केला, मला ऐकू आलं. आणि मग म्हणाले,

'मॅडम, तिकीट दीडशे वर्षं जुनं आहे ना. एवढ्या वर्षांत नंबर थोडा बदलणारच.'

हे वाक्य मी पुन्हा लिहिते, कारण मी ते घरात मोठ्याने म्हणून पाहिलं तरी त्याचा अर्थ लागत नाही. एवढ्या वर्षांत नंबर थोडा बदलणारच. रंग उडतो, कागद पिवळा पडतो, कडेचे दात झिजतात, हे मी मानते. पण पोलादी प्लेटवर कोरून छापलेला २२५ हळूहळू वीसने उतरून २०५ होतो? मग मी माझ्या ७८ कडे लक्ष ठेवून राहू का? एखाद दिवशी त्याचं ७७ झालं तर घर विकत घेता येईल.

त्यानंतर त्यांनी विचारलं, 'आणखी काही मदत करू शकतो का?' आणखी!

परतीच्या नियमांबद्दलही दोन शब्द, कारण तेही वाचून दाखवण्यात आले. 'मूळ पारदर्शक पाकीट न उघडलेलं असल्यास ७ दिवसांत परत.' तुमच्या त्या पाकिटावर प्लेटच्या आकड्यावरच बारकोड चिकटवलेला असतो. पाकीट उघडल्याशिवाय आकडा दिसत नाही, आणि उघडलं की परत नाही. हा नियम ज्याने लिहिला त्याच्या बुद्धीचं कौतुक वाटतं, फक्त ती चुकीच्या कामाला लागलीय. आणि फोटोंचं पुन्हा सांगते : तुमचं ते पांढरं नाव कोपऱ्यात सरकवा. कोपऱ्यातही नको, तिथे अक्षरं असतात. तिकिटाच्या बाहेर छापा.

वाईट याचं वाटतं, की मी तुमची नवी गिऱ्हाईक नाही. तुम्ही सायक्लोस्टाइल केलेली किंमतयादी पोस्टाने पाठवायचात, तेव्हापासूनची आहे. त्या यादीत एकही फोटो नसायचा. 'खालच्या कडेला तिसरा दात आखूड, मागे बारीक थिन, शिक्का हलका, समोरून देखणं' असं लिहिलेलं असायचं, आणि पाकिटातून तिकीट बाहेर काढलं की खालच्या कडेला तिसरा दात आखूडच निघायचा. एकदा तर कोणीतरी पेनने समासात लिहिलं होतं, 'हे तुमच्याकडे असेल, घेऊ नका.' होतंच. तो माणूस तुमच्याकडे अजून आहे का? असेल तर हे पत्र त्याला द्या, बाकी कोणी वाचलं नाही तरी चालेल.

मला हवं ते असं. फोटोतलं पी-एच तिकीट अजून तुमच्याकडे असेल, तर ते पाठवा आणि हे २०५ तुमच्या खर्चाने घेऊन जा. ते कोणा दुसऱ्याला गेलं असेल, तर त्याला माझ्या वाटचं काय मिळालं आणि त्याच्या वाटचं मला का, ते लेखी कळवा. आणि तुमच्याकडे ते कधी नव्हतंच, फोटो कुठून तरी उचललेला असेल, तर तसं सरळ सांगा आणि सगळे पैसे परत करा. सगळे म्हणजे पाठवणी, हाताळणी आणि तो विमा धरून. १५ दिवस थांबेन. त्यानंतर बँकेकडे कार्डाचा व्यवहार उलटवायचा अर्ज आणि ग्राहक न्यायालयाकडे तक्रार, दोन्ही एकाच दिवशी जातील. अर्ज भरून तयार आहेत. शिवाय आमच्या संग्राहकांच्या पुढच्या बैठकीत दोन्ही तिकिटांचे फोटो शेजारीशेजारी लावून तुमच्या प्रतिनिधींचं ते वाक्य मी वाचून दाखवणार आहे. ते तर तुम्ही पैसे परत केलेत तरी दाखवणार आहे, खोटं कशाला बोलू.

तुमची (अद्याप),
एक जुनी ग्राहक

ता.क. हे पत्र तुमच्या साइटवरच्या तक्रार फॉर्ममध्ये भरत होते. तो ५०० अक्षरांच्या पुढे घेत नाही, म्हणून पोस्टाने पाठवतेय. पाकीट बंद करता करता तुमची ईमेल आली : 'तुमच्या अलीकडच्या चौकशीवरून आम्हाला वाटतं, तुम्हाला हेही आवडेल.' खाली गुलाबांची नक्षी असलेल्या सहा बश्यांचा संच. मध्यावर तुमचं नाव. स्थिती : उत्तम. किंमत विचारा.