चि. मनू, आधी वजन सांग

चि. मनू,

काल फोन नेटवर्कमुळे कट झाला असं मी बाबांना सांगितलंय. त्यांना ते पटलेलं नाही पण पुढे काही विचारलं नाही त्यांनी. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की तू नुसतं बघून सोडून देतेस, म्हणून मेल करतेय. लांब होईल. ऑफिसात वाचू नकोस, रूमवर गेल्यावर निवांत वाच, आणि वाचायच्या आधी काहीतरी खा.

पोट फुगतं म्हणून तू त्या चिनी डॉक्टर बाईंकडे अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचून घ्यायला जातेस याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. काल तू म्हणालीस ना, "आई तुला मशीनमधून कागद बाहेर आल्याशिवाय काहीच खरं वाटत नाही", ते लागलं मला. अगं अख्खी नोकरी लॅबमध्ये गेली, कागदावर विश्वास नको ठेवू तर कशावर ठेवू? पण तुझी आजी नुसती जीभ बघून सांगायची कुणाचं पोट बिघडलंय ते, आणि बऱ्याचदा बरोबर निघायचं. त्यामुळे त्या बाईंनी जीभ बघितली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली, झोप कशी, पाळी कशी, पाय गार पडतात का असं सगळं विचारलं, याचं मला हसू नाही आलं. बर्फाची कॉफी बंद, कच्चं सॅलड बंद, कोमट पाणी प्यायचं. हे आजी तुला दहावीपासून सांगत होती की, तेव्हा ऐकलं नाहीस, आता सिंगापूरला डॉलर मोजून ऐकतेस. असो.

मला एवढंच विचारायचंय की तुझं वजन किती आहे. काल व्हिडिओत तो राखाडी कुर्ता खांद्यावरून घसरत होता, तोच जो पाडव्याला दंडात घट्ट होतो म्हणून तू कुरकुर करत होतीस. मी विचारलं तर तू विषय बदललास आणि सुया कुठे कुठे टोचल्या ते सांगायला लागलीस.

मला तर त्या सुयांचंच नवल वाटतं. तू लहानपणी लॅबमध्ये आलीस की टूर्निकेट बघूनच टेबलाखाली जाऊन बसायचीस, एकदा तुझं ब्लड घ्यायला मला बाबा आणि शिपाई दोघांना धरायला बोलवावं लागलं होतं, आणि घेतल्यावर तू मला म्हणालीस तू माझी आई नाहीस, तू लॅबवाली आहेस. सगळी लॅब हसली होती. आणि आता तीच मुलगी परक्या देशात एकटी जाऊन पोटावर, मनगटावर, गुडघ्याखाली सुया टोचून घेते आणि अर्धा तास गप पडून राहते. कौतुक वाटलं, खरंच. काल बोलायला हवं होतं ते, भांडणात राहून गेलं.

रात्री झोप लागेना म्हणून वाचत बसले. तुला तो गुडघ्याखालचा पॉइंट सांगितला ना, वाटीच्या खाली चार बोटं, नडगीच्या बाहेरच्या बाजूला, त्याला झूसानली म्हणतात आणि पोटासाठी सगळ्यात जास्त तोच वापरतात. मनगटाच्या आतल्या बाजूचा, दोन शिरांसारखे दोर लागतात त्यांच्या मधला, तो नेइग्वान, मळमळीचा. ऑपरेशननंतरची आणि केमोची मळमळ अ‍ॅक्युपंक्चरने कमी होते हे अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या समितीने १९९७ मध्येच मान्य केलं होतं. आणि त्या अमेरिकन पत्रकाराची गोष्ट, जेम्स रेस्टन, १९७१ साली बीजिंगमध्ये त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. लोक सांगतात की सुया टोचून पोट फाडलं, तसं नव्हतं, भूल नेहमीसारखी औषधाचीच दिली होती. दुसऱ्या रात्री पोटात गॅस धरून तो बेजार झाला तेव्हा उजव्या कोपरात आणि दोन्ही गुडघ्यांखाली सुया टोचल्या, पोटाजवळ औषधी पाल्याच्या जळत्या कांड्या धरल्या, आणि तासाभरात बरं वाटलं असं त्याने स्वतःच न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं. म्हणजे अमेरिकेत हे वेड पसरलं ते पोट फुगण्यावरूनच, बघ.

आणि आपण सोलापूरकर चिनी डॉक्टरांना नावं ठेवायला कुठून सुरुवात करणार, आपल्याच भैय्या चौकातले डॉ. कोटणीस १९३८ ला त्यांच्या सैनिकांवर उपचार करायला गेले आणि १९४२ ला तिथेच वारले, बत्तीस वर्षांचे होते फक्त. अप्पा तुला भैय्या चौकात घेऊन गेले होते, आठवतं? तू येताना म्हणाली होतीस की मी पण लांब जाणार. अप्पांनी ते येईल त्याला सांगितलं. कोटणीस धरून जे पाच जण गेले त्यातले कलकत्त्याचे डॉ. बसू नंतर परत चीनला जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि १९५९ च्या सुमाराला त्यांनी ते कलकत्त्यात सुरू केलं, आपल्याकडे आलं ते असं. आता तर महाराष्ट्रात त्याचा वेगळा कायदा आहे. तुमच्याकडे तर रजिस्ट्रेशन असल्याशिवाय सुई टोचताच येत नाही, ते चांगलंय. त्या बाईंचं नाव रजिस्ट्रेशन देणाऱ्या बोर्डाच्या यादीत आहे का ते बघितलंस ना? सुया नवीन, सीलबंद पाकिटातून तुझ्यासमोर काढतात ना? हे विचारायला लाजायचं नसतं.

बरं, आता अभ्यास. तुला आवडणार नाही पण मी वाचलंय तर सांगते. २०२० मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे, चीनमधल्या हॉस्पिटलांनी जेवल्यावर पोट गच्च होणाऱ्या २७८ लोकांवर करून बघितलं, चार आठवड्यांत बारा वेळा सुया. खऱ्या सुयांवर ८३ टक्के लोकांना फरक पडला, देखाव्यापुरत्या खोट्या सुयांवर ५२ टक्क्यांना. म्हणजे तुझी बाजू बरोबर. आयबीएससाठी, म्हणजे आतड्यांच्या त्या जुनाट तक्रारीसाठी, मात्र २०१२ ला जुने सगळे अभ्यास एकत्र करून बघितले त्यात खऱ्या-खोट्या सुयांत फरक निघाला नाही. आणि एक हार्वर्डवाल्यांचा २००८ चा आहे तो मला सगळ्यात आवडला, २६२ पेशंट होते, आयबीएसचेच, सुया सगळ्यांना खोट्याच, कातडीत न जाणाऱ्या. ज्यांना नुसतं वेटिंग लिस्टवर ठेवलं त्यांच्यातल्या २८ टक्के लोकांना बरं वाटलं, ज्यांना न बोलता खोट्या सुया लावल्या त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांना, आणि ज्यांच्याशी डॉक्टर नीट बसून, आपुलकीने बोलले त्यांच्यातल्या ६२ टक्क्यांना. हे वाचून मी थोडा वेळ फोन बाजूला ठेवून बसले. तिथे तुझ्याशी पाऊण तास बसून कोण बोलतं मनू? त्या बाई बोलतात. तेवढ्यासाठी तरी त्यांचे उपकार आहेत माझ्यावर.

पण बरं वाटणं वेगळं आणि आत काय चाललंय ते बघणं वेगळं, एवढंच माझं म्हणणं आहे. त्या २७८ लोकांना जो आजार होता ना, त्याच्या व्याख्येतच आहे की दुर्बीण घालून आत जखम, गाठ काही नाही हे आधी बघायचं, मगच त्याला ते नाव द्यायचं. आधी बघितलं, मग सुया. तू उलटं करतेयस.

नंदूमामाला पण बरं वाटत होतं. तो काढा घेतला की ढेकर येऊन हलकं वाटायचं त्याला, खोटं नव्हतं ते. पट्ट्याला नवीन भोक पाडून घेतलं आणि सकाळी चालायला जातो म्हणून पोट उतरलं असं सांगत फिरला सगळ्या गल्लीत. त्याचं सॅम्पल माझ्याच हाताने मशीनला लागलं, हिमोग्लोबिन नुसतं साडेसहा आलं, मी मशीन बिघडलं समजून परत लावलं, तेवढंच आलं. पुढचं तुला माहितीये. तो मे महिना मी कधी बोलत नाही म्हणजे विसरले असं नाही.

तुझं तसं नाही. तसं नाहीच आहे, कशाला असेल, तुझं वय काय. सत्तावीस वर्षांच्या मुलीला पोट फुगतं त्यात शंभरातल्या बहुतेकींचं काही नसतं. तुझी थायरॉइडची गोळी आहे, शेवटचं टीएसएच, थायरॉइडची ब्लड टेस्ट, कधी केलंस? डोस जास्त होत असला तरी वजन उतरतं, शौचाला जास्त वेळा होतं, छातीत धडधडतं. इतकं साधं असू शकतं. किंवा एच. पायलोरी, पोटातला जंतू, तो आपल्याकडे घरोघरी असतो, नुसती श्वासाची टेस्ट असते. म्हणून वजन विचारते. सारखं सारखं विचारतेय, कळतंय मला.

तुझ्या त्या पुड्यांचा फोटो मोठा करून बघितला मी. त्यात गान त्साओ आहे ते आपलं ज्येष्ठमध, चेन पी म्हणजे वाळवलेली संत्र्याची साल, शा रेन वेलदोड्याच्या कुळातलं, मू शियांग म्हणजे कोष्ठ. अर्धं आपल्या डब्यातच निघालं. ज्येष्ठमध फार दिवस फार प्रमाणात घेतलं की बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं, म्हणून किती दिवस घ्यायच्या ते विचारून घे. थायरॉइडची गोळी आणि ही पुडी एकत्र नको, सकाळी उपाशीपोटी आधी गोळी, मग मध्ये चांगला वेळ जाऊ दे, आणि त्या बाईंना गोळीचं सांगितलंयस का? आणि दुकानातून सुटी, बिननावाची मुळं वगैरे आणू नकोस. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमाराला बारीक व्हायच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी भलतीच आली, ॲरिस्टोलोकियाची, आणि शंभराच्या वर बायकांच्या किडन्या बिघडल्या. तुमच्याकडे त्यावर बंदी आहे. पुड्यांवर कंपनीचं नाव, बॅच नंबर बघ.

झालं, परत लेक्चर झालं. सॉरी. ठरवून बसले होते की यावेळी गोष्टीच सांगायच्या.

तर एक कर. कंपनीच्या पॅनलवर जीपी, म्हणजे साधा फॅमिली डॉक्टर, असेल ना, त्याच्याकडे जा आणि तीनच गोष्टी सांग, वजन किती महिन्यांत किती उतरलं, रात्री पोटदुखीने जाग येते का, शौचाचा रंग काळा दिसतो का. खरं सांग, लाजू नकोस, मी आयुष्यभर लोकांच्या डब्या उघडल्यात, त्यात लाजण्यासारखं काही नसतं. रक्ताचं सीबीसी, टीएसएच, स्टूल एवढ्या टेस्ट तर तो करेलच. दुर्बीण लागेल की नाही ते त्याला ठरवू दे, माझ्याने ठरवायला नको. आणि सुया चालू ठेव, मी थांबव म्हणत नाहीये, उलट रिपोर्ट नॉर्मल आले तर अजून निर्धास्त होऊन जा, मी पण येईन तेव्हा एकदा टोचून घेईन गुडघ्यासाठी.

रिपोर्ट आले की मला पीडीएफ पाठव, "नॉर्मल आहे" असं लिहून पाठवू नकोस. नॉर्मल काय ते मी बघते.

समोरच्या वहिनींचा भाऊ पुढच्या आठवड्यात तिकडे येतोय, त्याच्याबरोबर शेंगाचटणी आणि ज्वारीचं पीठ देतेय. गहू, कांदा, लसूण याने काहींचं पोट फार फुगतं म्हणून यावेळी चटणीत लसूण घातला नाही. बाबांनी चाखून बघितली आणि म्हणाले ही कुठल्या सोलापूरची. तरी देतेय.

रागावलीस तर रागाव, पण फोन उचल.

तुझी,
आई

ता. क. श्वासाची टेस्ट सांगितली तर तू ती अ‍ॅसिडिटीची पॅन गोळी रोज घेतेस ते त्यांना सांग. दोन आठवडे बंद असावी लागते, नाहीतर असून नाही दिसतं. पण मनाने बंद करू नकोस, त्यांना विचारून कर. आणि बिल जास्त झालं तर बाबांना नाही, मला सांग.