आत्याच्या माणसांचे मनापासून आभार

आत्या गेली त्याला आज पंधरा दिवस झाले. नात्यानं वडिलांची थोरली बहीण, पण भिंतीला भिंत लागून घर, त्यामुळे आमच्यासाठी आधी शेजारीण. भिंतीवर दोनदा टकटक म्हणजे "चष्मा सापडत नाहीये, ये." तीनदा म्हणजे "काही नाही, नुसतीच ये."

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर तिनं डॉक्टरांना विचारलं होतं, "हे डोळे आता दुसऱ्या कुणाला चालतील ना?" चालतात, असं कळलं आणि तिनं लगेच नेत्रदानाचा फॉर्म भरला.

त्या रात्री आम्ही सुन्न बसलो होतो. ६ तासांच्या आत डोळे काढावे लागतात, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या ताईंना आठवलं. त्यांनी पंखा बंद केला, आत्याच्या पापण्या हलकेच मिटून त्यावर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, डोक्याखाली उशी सरकवली. फोनही त्यांनीच लावला. नेत्रपेढीतून मध्यरात्री आलेल्या त्या दोघांनी काम संपल्यावर आत्याला वाकून नमस्कार केला. तो क्षण काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आणि जिन्यात दिवा नव्हता म्हणून पहाटेपर्यंत टॉर्च धरून उभे राहिलेले दादा, तुमचं नावही विचारायचं राहिलं. तुम्हा सगळ्यांचे उपकार आहेत आमच्यावर. तुमचा टॉर्च आत्याच्या खिडकीत ठेवलाय. न्यायला नक्की या, घटकाभर बसा.