लग्नासाठी कलमा नको, शुद्धीही नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकांनी हिंदू-मुसलमान लग्नांबद्दल लिहिलं आहे की अशा घरात आधी एकाचा धर्म बुडतो आणि मुलं मोठी होईपर्यंत दोघांचाही. त्यांच्या पत्रात कळकळ होती, म्हणून उत्तर लिहिते आहे.

मी बडोद्याची, दांडिया बाजारातल्या देशस्थ घरातली. १९८६ साली माझं लग्न एका सुन्नी मुसलमान गृहस्थांशी झालं. एका औषध कारखान्याच्या हिशेब खात्यात आम्ही दोघं कामाला होतो. २०१९ मध्ये ते गेले. तेहतीस वर्षांच्या संसारात मी हिंदूच राहिले आणि ते मुसलमानच राहिले.

लग्नाच्या आधी दोन्हीकडून तोडगे आले. सासरच्या थोरल्यांचं म्हणणं होतं, मुलीनं कलमा पढून मुसलमान व्हावं, काझीसाहेब घरी येतील, दोन मिनिटांचं काम. माझे मामा म्हणाले, मुलाची शुद्धी करून त्याला हिंदू करून घेऊ, एका सकाळच्या होमात होईल, नावही बदलू. माणसं वाईट नव्हती. चारचौघांत मान खाली जाऊ नये एवढंच त्यांना हवं होतं. यांनी आपल्या घरी सांगितलं, ‘तिच्या मनात नाही ते अल्लाच्या नावानं तिच्याकडून वदवून घेतलं, तर गुन्हा तिचा नाही, माझा.’ मामांना तेच उत्तर मी दिलं.

यांना हे सोपं गेलं असं कुणी समजू नये. कुराणातल्या सूरे बकरामधली २२१ वी आयत त्यांना पाठ होती. मूर्तिपूजक स्त्री ईमान आणत नाही तोवर तिच्याशी लग्न करू नका, असं ती सांगते. सूरे माइदामध्ये ज्यू आणि ख्रिस्ती स्त्रियांपुरती मुभा आहे, ती आमच्या कामाची नव्हती. आपण आपल्या धर्माच्या एका आज्ञेबाहेर पाऊल टाकलं आहे, हे त्यांनी स्वतःपासून कधी लपवलं नाही. तिचा सोयीचा अर्थही काढला नाही. फजरची, म्हणजे पहाटेची नमाज मात्र त्यांनी चुकवलेली मला आठवत नाही, तापातसुद्धा नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाले, ‘माझ्यावर बाकी जास्त आहे.’

माझ्या श्रद्धेचं काय झालं, तेही सांगते. माहेरी गणपती बसायचा म्हणून बसायचा. आई अथर्वशीर्ष म्हणायची, मीही म्हणायची, अर्थ कुणी विचारला नव्हता. तो विचारला माझ्या सासूबाईंनी. आम्ही त्यांना अम्मी म्हणत असू. फतेहगंजच्या आमच्या दोन खोल्यांत पहिल्या वर्षी मी मूर्ती आणली, तेव्हा त्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, ‘बेटा, दहा दिवस ठेवून मग पाण्यात का सोडता?’ मला उत्तर देता आलं नाही. त्या आठवड्यात मी आईच्या मैत्रिणीकडे जाऊन अथर्वशीर्ष ओळ-ओळ समजून घेतलं, पार्थिव पूजा, म्हणजे मातीच्या मूर्तीची पूजा, का करतात ते विचारलं. ‘आई करायची म्हणून’ हे उत्तर त्या घरात चालणार नव्हतं. तेव्हापासून मी जे करते ते कळून करते.

अम्मींनी माझा प्रसाद कधी खाल्ला नाही. हातात घ्यायच्या, कपाळापर्यंत न्यायच्या आणि शेजारच्या मुलाला द्यायच्या. पहिली दोन-तीन वर्षं मला ते लागायचं. पुढे कळलं की दुसऱ्या देवापुढे ठेवलेलं खाणं त्यांना मना आहे, आणि माझं मन राखायला त्या खोटं वागणार नाहीत. बकरी ईदला मीही वरणभातच खायची, आणि तो माझ्यासाठी त्या स्वतः वेगळ्या पातेल्यात लावायच्या. माझे वडील आठ वर्षं आमच्या घरी आले नाहीत. आले ते गणपतीतच. मूर्तीपुढे बराच वेळ बसून राहिले.

वडील एका वकिलांकडे कारकून होते. लग्नाआधी त्यांनी १९५४ चा विशेष विवाह कायदा घरी आणून मला १९ वं कलम वाचून दाखवलं होतं. एकत्र कुटुंबातल्या हिंदूनं या कायद्याखाली लग्न केलं तर तो त्या कुटुंबापासून वेगळा झाला असं धरतात. ‘बघ, सरकारच म्हणतंय तू आमच्यातली राहिली नाहीस.’ ते कलम इस्टेटीपुरतं आहे, आणि पुढचं २० वं कलम वारशाचा हक्क राखतं, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. वडिलांनी पुढे वाचलं नव्हतं.

पण त्याच कायद्यानं आमचा धर्म राखला. १८७२ च्या कायद्यात अशा जोडप्याला लिहून द्यावं लागे की आपण हिंदू नाही, मुसलमान नाही, ख्रिस्ती नाही, पारशी नाही. १९२३ मध्ये हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसातल्या लग्नापुरती त्यातून सूट मिळाली. हिंदू-मुसलमान जोडप्याला १९५४ पर्यंत देव नाकारल्याशिवाय नोंदणीचं लग्न करता येत नव्हतं. आज येतं. तरी अजून मुलंमुली कलमा किंवा होम यांच्या मागे का लागतात, तर महिनाभराच्या नोटिशीमुळे. नावं-पत्ते कचेरीच्या फळ्यावर लागतात, कुणीही वाचतं. आमची वाचून कुणीतरी वडिलांना निनावी अंतर्देशीय पत्र टाकलं होतं. त्या तीस दिवसांत मुलीला घरात कोंडतात, मुलाला मारतात. या भीतीनं जोडपी एका दिवसात उरकणारा रस्ता धरतात, आणि ज्या धर्मावर विश्वास नाही तो तोंडानं स्वीकारतात. धर्म बुडतो तो इथं, असं माझं मत आहे. जो सोडला त्याचाही अपमान आणि जो घेतला त्याचाही.

गुजरातेत २००३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्यात २०२१ साली लग्नातून होणाऱ्या धर्मांतराबद्दल कलमं घातली गेली. त्याच वर्षी १९ ऑगस्टला उच्च न्यायालयानं, जबरदस्ती, आमिष किंवा फसवणूक नसलेल्या आंतरधर्मीय लग्नांना ती लावण्यास स्थगिती दिली. माझं मागणं याहून साधं आहे. नोटीस फक्त वहीत राहावी, फळ्यावर नको. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये नोटीस प्रसिद्ध करणं जोडप्याच्या मर्जीवर सोडलं, तसं इथंही व्हावं.

अशा लग्नापायी नावं बदलण्याचा इतिहास आपल्या गावालाही आहे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात होते. इथल्या सरदार माने यांच्या ताराबाईंशी त्यांचं जमलं आणि दोघांना गाव सोडावं लागलं. १९२२ मध्ये ताराबाई वेगळ्या झाल्या, मुलं त्यांच्याबरोबर गेली, आणि अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर. ज्या गावानं आईबापांना ठेवून घेतलं नाही, त्याचंच नाव मुलीनं लावलं. खाँसाहेब मिरजेच्या दर्ग्यात आहेत. हिराबाईंची जुनी ध्वनिमुद्रिका लागली की यांना राहवत नसे, डबा बाजूला ठेवून ऐकत बसायचे.

त्या वाचकांचं एक म्हणणं मला खोडता येत नाही. माझा मुलगा रमजानचे काही रोजे धरतो आणि गणपतीच्या आरतीलाही उभा राहतो. मुलगी दोन्हीतलं काही करत नाही. तिला आम्ही दोन्ही घरची गोष्ट सांगितली, तिच्या मनात ती रुजली नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. पण माझ्या भावाचे दोन्ही मुलगे, मुंज झालेले, संध्या विसरून गेले आहेत. त्याचा दोष त्यांच्या आईबापांच्या लग्नाला कुणी देत नाही.

हे गेले तेव्हा दिरांनी जनाजा नेला. बायका कब्रस्तानात गेल्या नाहीत, मीही घरीच थांबले. तेरावं मी केलं नाही, ते त्यांचं नव्हतं. चाळिसाव्याला जेवण घातलं. मुलाला मी लिहून दिलं आहे की मला खासवाडीच्या स्मशानात न्यायचं. तो नेईल.

आमच्या लग्नाला दोन साक्षीदार मिळाले, तिसरा मिळेना. मैत्रिणींना घरच्यांची भीती होती. शेवटी कारखान्याच्या कॅन्टीनमधले चहावाले काका दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी काढून आले आणि सही करून परत कामावर गेले. आजही तीन सह्या लागतात. बडोद्यात कुणी सज्ञान जोडपं आपापला धर्म ठेवून या कायद्याखाली लग्न करत असेल आणि तिसरी सही मिळत नसेल, तर माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे, तो त्यांना द्यावा. मी ओळखपत्र घेऊन येईन.

आपली नम्र,
एक वाचक, बडोदे
(नाव छापू नये ही विनंती)