सहल चार ठिकाणांची, वह्या सगळ्या सारख्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातली तिसरीच्या ‘लेखन सहली’ची बातमी वाचली. एका दिवसात वेरूळ, दौलताबाद, मकबरा आणि पाणचक्की! फोटोत मुलं कैलास लेण्यापुढे रांगेत उभी आहेत आणि एकाच्याही हातात कागद नाही. निबंध म्हणे दुसऱ्या दिवशी वर्गात लिहून घेतला. याला लेखनाची सहल म्हणून शाबासकी देऊ नका, ही कळकळीची विनंती.

आठ वर्षांच्या मुलाला दिवसात चार ठिकाणं दाखवली की त्याच्याकडे फक्त नावं उरतात. रात्र मधे गेली की तीही पुसट होतात. मग फळ्यावर मुद्दे येतात आणि सगळ्या वह्या ‘आम्ही सकाळी लवकर निघालो’पासून ‘खूप मजा आली’पर्यंत सारख्याच निघतात.

लिहायला शिकवायचं तर शाळेपासून दहा मिनिटं चालत जाता येईल अशी एकच जागा पुरे. बांध, जुनी बारव, कापसाचं शेत, काहीही. शिक्षकांनी आदल्या दिवशी स्वतः जाऊन यावं. विहिरीला कठडा आहे का, मोटारीची वायर उघडी आहे का, झाडावर आग्या मोहोळ आहे का, हे बघावं. शेतमालकाला विचारावं आणि नुकती फवारणी झालेल्या शेतात मुलांना पाय ठेवू देऊ नये. सकाळी ऊन चढायच्या आत जावं. चार-चार मुलांचा गट, प्रत्येकाला पुठ्ठ्यावर चिमट्याने लावलेला अर्धा कागद आणि पुठ्ठ्यालाच दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. सुटी पेन्सिल ढेकळांत हमखास हरवते. गटाने एकाच झाडापाशी वीस मिनिटं बसायचं. आधी चित्र, मग चित्रातल्या भागांना नावं, मग एकमेकांना सांगणं आणि वाक्यं शेवटी. पहिलीच्या मुलाने बोलावं आणि शिक्षकांनी त्याचेच शब्द उतरवून घ्यावेत. दुसरीला दोन वाक्यं पुष्कळ झाली. तिसरीला पाच-सहा, तीही त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी. ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की ‘छान’ येतं. ‘पानाच्या खालच्या बाजूला काय आहे?’ असं विचारलं की मूल पान उलटतं.

अशाच एका जवळच्या फेरीनंतरची तिसरीतल्या मुलीची वही पाहण्यात आली. तिने लिहिलं होतं, ‘एक फूल उघडलंच नाही. पाकळ्या चिकटल्या व्हत्या. आत आळी व्हती. आजी त्याला डोमकळी म्हणते.’ गुलाबी बोंडअळी कापसाच्या फुलात शिरली की पाकळ्या आतून धाग्याने जखडते आणि फूल गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलंच राहतं. नेमकं तेच या मुलीने पाहिलं, आणि नावासकट लिहिलं. त्या पानावर लाल शाईची तीन वर्तुळं होती. ‘व्हत्या’ला, ‘व्हती’ला आणि ‘डोमकळी’ला. खाली शेरा, ‘प्रमाण भाषेत लिहा.’ पुढच्या पानावर तिचा ‘माझी शाळा’ निबंध होता. त्यात एकही चूक नव्हती आणि तिचं स्वतःचं एकही वाक्य नव्हतं.

‘होत्या’ शिकवायला हवंच, पण दुसऱ्या वाचनात, एका वेळी एक-दोन शब्द घेऊन. पहिल्या वाचनात शिक्षकांनी ‘अजून काय दिसलं?’ एवढंच विचारावं. पातं, बोंड, सरकी, डोमकळी हे कापसाचे शब्द पुसायचे नसतात. ते वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायचे असतात. मराठवाड्यातल्या मुलाकडे शेतातले असे पन्नास शब्द शाळेत येण्याआधीच असतात.

जाता जाता आपल्या रविवारच्या बालपानाबद्दलही. तिथे ‘सुवाच्य अक्षरात, शुद्ध भाषेत, दीडशे शब्द’ अशी अट असते. छापून येतात ते निबंध मोठ्यांनी लिहून दिलेले असतात, हे पहिल्या ओळीतच कळतं. ती अट काढा. मुलांनी शेतात बसून लिहिलेला कागद चित्रासकट, चुकांसकट, जसाच्या तसा छापा. सुरुवातीला महिन्यातून एक छापलात तरी चालेल.

आपला,
एक वाचक, जि. परभणी